विंचवाचं बिऱ्हाड: कॉर्डरेल पॅटरसन आणि किकऑफ नावाचा धंदा

२७ ऑक्टोबर २०१३. मिनियापोलिसमध्ये रविवारची रात्र, आपल्याकडे सोमवारी सकाळचे सहा. मेट्रोडोम नावाच्या बंदिस्त छताच्या स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधला मिनेसोटा व्हायकिंग्ज आणि ग्रीन बे पॅकर्स यांचा सामना सुरू होतोय. पॅकर्सचा मेसन क्रॉसबी चार पावलं धावत येतो आणि चेंडू लाथाडतो. खेळ सुरू करणाऱ्या या लाथेला किकऑफ म्हणतात. चेंडू जवळपास अख्खं मैदान ओलांडतो आणि गोलरेषेच्याही नऊ यार्ड मागे उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या एका पोराच्या हातात पडतो. पाठीवर आकडा ८४.

शहाण्या खेळाडूनं इथं मुकाट्यानं गुडघा टेकायचा असतो. तसं केलं की संघाला आयता २० यार्डांच्या रेषेवर चेंडू मिळतो, कुणी अंगावर येत नाही, कुणाची हाडं मोडत नाहीत. या पोरानं गुडघा टेकला नाही. तो पळत सुटला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊनच थांबला. १०९ यार्ड. मीटरमध्ये सांगायचं तर ९९.६७, म्हणजे ऑलिंपिकमधली शंभर मीटरची शर्यत एका पावलानं कमी. फरक एवढाच की ऑलिंपिकमध्ये समोरून अकरा माणसं आडवं करायला येत नाहीत, आणि अंगावर हेल्मेट-पॅडचं ओझं नसतं.

पोराचं नाव कॉर्डरेल पॅटरसन. त्या रात्री व्हायकिंग्ज ३१-४४ असे हरले, ही गोष्ट आज मिनेसोटाबाहेर फारशी कुणाला आठवत नसेल. १०९ मात्र राहिले.

त्या आकड्याचीही एक गंमत आहे. हा विक्रम मोडता येत नाही, फक्त गाठता येतो. मैदान एका गोलरेषेपासून दुसऱ्या गोलरेषेपर्यंत १०० यार्ड. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांची पट्टी, तिला एंड झोन म्हणतात. धाव मोजायची ती चेंडू हातात आला तिथपासून पलीकडच्या गोलरेषेपर्यंत, आणि तीही पूर्ण यार्डांत. एंड झोनच्या मागच्या रेषेवर पाय पडला की खेळाडू बाहेर. म्हणजे मागे मागे सरकून नऊ यार्डांपर्यंतच जाता येतं. शंभर अधिक नऊ. बस. याआधी २००७ मध्ये अँटोनियो क्रोमार्टी नावाचा खेळाडू गोलला हुकलेली किक पकडून १०९ यार्ड पळाला होता. तोही याच मेट्रोडोममध्ये, आणि व्हायकिंग्जच्याच विरुद्ध.

मला हा खेळ पहिल्यांदा बघताना सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं ते माणसांच्या ये-जा करण्यानं. दर पाच-सात सेकंदांनी खेळ थांबतो आणि मैदानावरची माणसं बदलतात. क्रिकेटमध्ये बॅटिंग करणारा नंतर फिल्डिंगही करतो. इथे तसं नाही. प्रत्येक संघाकडे ५३ जण करारावर असतात. आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, आणि चेंडूला लाथ मारायची वेळ आली की तिसरेच अकरा. या तिसऱ्या फळीला स्पेशल टीम म्हणतात. बदल कितीही करा, बंधन नाही. त्यामुळे कामाची वाटणी इतकी बारीक झालीय की किकच्या वेळी दोन पायांमधून चेंडू मागे फेकणं एवढ्याच कामावर पंधरा वर्षं संसार चालवणारी माणसंही आहेत.

पॅटरसन या व्यवस्थेत दोन ठिकाणी बसत होता. कागदावर तो रिसीव्हर, म्हणजे क्वार्टरबॅकनं (आक्रमणाच्या सूत्रधारानं) फेकलेला चेंडू झेलणारा. आणि स्पेशल टीममध्ये तो रिटर्नर, म्हणजे समोरच्या संघानं लाथाडलेला चेंडू पकडून परत पळत आणणारा. बाहेरून बघणाऱ्याला ही दोन्ही कामं सारखीच वाटतात: चेंडू पकडा आणि पळा. पॅटरसनची बारा हंगामांची सगळी वणवण या दोन कामांतल्या फरकामुळे झाली. तेवढा फरक कळला की बाकीचं आपोआप उलगडतं.

आधी रिसीव्हर घेऊ. टीव्हीवर दिसतो तो शेवटचा झेल. त्याआधी काय घडतं ते बघा. रिसीव्हरला एक वाट आखून दिलेली असते, तिला रूट म्हणतात. बारा यार्ड सरळ पळ, डावा पाय रोव, आत वळ. बारा म्हणजे बारा, तेरा नाही. कारण क्वार्टरबॅक रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू सोडतो. तो माणसाकडे फेकत नाही, जागेकडे फेकतो, आणि माणूस त्या क्षणी त्या जागी असेल या भरवशावर फेकतो. रिसीव्हर अर्धं पाऊल चुकला की चेंडू बचावपटूच्या हातात. शिवाय समोरचा बचाव कसा उभा आहे हे बघून कधी कधी रूट धावता धावता बदलायचा असतो, आणि तो बदल क्वार्टरबॅकच्या डोक्यातही त्याच क्षणी झालेला असावा लागतो. दोघांनी एकच पुस्तक एकाच पानावर उघडून वाचण्यासारखं आहे ते. वेग लागतोच, पण त्याहून जास्त लागते ती शिस्त, पाठांतर आणि वर्षानुवर्षांची घोकंपट्टी.

रिटर्नरला यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. चेंडू आभाळातून येतो, तो पकडायचा. मग समोर पन्नास-साठ यार्डांचं मोकळं रान, त्यातून धावत येणारे अकरा शत्रू आणि त्यांना अडवणारे आपले दहा. फट कुठे पडेल हे आधी कुणीच सांगू शकत नाही. ती पडते, अर्धा सेकंद उघडी राहते आणि मिटते. ज्याला दिसली तो गेला. कबड्डीत चढाईला गेलेल्या गड्याला कुणी वाट आखून देत नाही, तसंच.

पॅटरसन हा मोकळ्या रानातला गडी. त्याचा जन्म १९९१ चा, दक्षिण कॅरोलायनातल्या रॉक हिल गावचा. या गावातून इतके व्यावसायिक खेळाडू निघालेत की गाव स्वतःला फुटबॉल सिटी म्हणवतं. शाळेनंतर तो थेट मोठ्या विद्यापीठात गेला नाही. कॅन्ससमधल्या हचिन्सन या छोट्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढली आणि मग टेनेसी विद्यापीठात फक्त एक हंगाम खेळला. २०१२ च्या त्या एका हंगामात त्यानं चेंडू झेलून टचडाउन केलं (चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडे नेला की टचडाउन), हातात घेऊन पळून केलं, किकऑफ परतवून केलं आणि पंट नावाची दुसरी एक किक परतवूनही केलं. चार वेगळ्या तऱ्हा, एक माणूस. पण रिसीव्हरचं ते बारा यार्डांचं पाठांतर करायला जी तीन-चार वर्षं एका गुरूच्या हाताखाली जावी लागतात, ती त्याला मिळालीच नाहीत.

तरी मोह कुणाला आवरतो? सहा फूट दोन इंच उंचीच्या आणि शंभर किलोच्या आसपास वजनाच्या माणसानं चाळीस यार्ड ४.४२ सेकंदांत कापल्यावर संघांचे निवडकर्ते हिशेब विसरतात. दरवर्षी वसंतात ड्राफ्ट होतो. कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या मुलांमधून ३२ संघ पाळीपाळीनं माणसं निवडतात, अशा सात फेऱ्या. पाळी विकतही घेता येते. २०१३ मध्ये व्हायकिंग्जनी पहिल्या फेरीतली २९ वी पाळी न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून विकत घेतली आणि तिच्या बदल्यात आपल्या चार पाळ्या देऊन टाकल्या: दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि सातव्या फेरीतली. एका पॅटरसनसाठी चार माणसं. हे देणंघेणं लक्षात ठेवा, पुढे त्याचा हिशेब लागणार आहे.

पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्याच आठवड्यात शिकागो बेअर्सविरुद्ध सामन्याचा पहिलाच चेंडू त्यानं १०५ यार्ड परत नेला. मग ती १०९ ची रात्र. किकऑफवर सरासरी ३२.४ यार्ड. या कामात बहुतेकांची सरासरी बावीस-चोवीसच्या घरात असते, यावरून काय ते समजा. असोसिएटेड प्रेसनं निवडलेल्या वर्षातल्या सर्वोत्तम संघात रिटर्नर म्हणून त्याचं नाव आलं. आक्रमणातही चार टचडाउन झेलून आणि तीन पळून. त्यातली मेख अशी होती की प्रशिक्षक त्याला अवघड रूट देतच नव्हते. छोटासा पास हातात ठेवायचा, किंवा पळता पळता चेंडू सोपवायचा, आणि म्हणायचं, जा बाबा आता. म्हणजे रिसीव्हरच्या नावाखाली त्याच्यासाठी छोटे छोटे किकऑफच तयार केले जात होते.

पुढच्या वर्षी प्रशिक्षक बदलले. माइक झिमर आले. पहिल्या सामन्यात सेंट लुइसमध्ये पॅटरसन ६७ यार्ड पळून गेला आणि सगळ्यांना वाटलं, आता हा सुटला. नाही सुटला. नव्या लोकांना नेमके रूट हवे होते. हंगामाच्या उत्तरार्धात तो बाकावर जाऊन बसला. २०१५ ची आकडेवारी तर अशी आहे की छापताना चूक झाली असं वाटावं: पूर्ण हंगामात दोन झेल, मिळून दहा यार्ड. आणि त्याच हंगामात किकऑफवर दोन टचडाउन, एक ओकलंड रेडर्सविरुद्ध, एक सिएटल सीहॉक्सविरुद्ध. सिएटलकडून व्हायकिंग्ज ७-३८ असे मार खाऊन बसले. ते सात गुण कुठून आले? पॅटरसनच्या १०१ यार्डांच्या धावेतून. आक्रमणाच्या अकरांना त्या दिवशी भोपळा फोडता आला नाही.

इथं अमेरिकन करारांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण त्याशिवाय ही भटकंती कळत नाही. ‘दोन वर्षांचा, एक कोटी डॉलरचा करार’ असं वाचलं की आपल्याला वाटतं, झालं, दोन वर्षांची निश्चिंती. तसं नसतं. त्या रकमेतला हमीचा भाग वेगळा असतो, आणि तेवढाच खरा. बाकीचे पैसे तुम्ही संघात राहिलात तर. संघाला वाटलं की ऑगस्टमध्ये, सराव शिबिर चालू असताना, तुमचं कपाट रिकामं करायला सांगता येतं. पहिल्या फेरीत निवडलेल्या मुलाचा पहिला करार चार वर्षांचा, आणि पाचवं वर्ष ठेवायचं की नाही हे संघाच्या मर्जीवर. मे २०१६ मध्ये व्हायकिंग्जनी पॅटरसनचं पाचवं वर्ष नाकारलं. त्यानंतरच्या हंगामात पठ्ठ्यानं ५२ झेल घेतले, १०४ यार्डांचं आणखी एक टचडाउन केलं, पुन्हा सर्वोत्तम संघात आला. तरी मार्च उजाडल्यावर घर बदलावंच लागलं.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं पुढचं सगळं. २०१७ ला ओकलंडमध्ये रेडर्सकडे दोन वर्षांचा करार. एक वर्ष झालं आणि मार्च २०१८ मध्ये रेडर्सनी त्याला पेट्रियट्सना देऊन टाकलं. सोबत सहाव्या फेरीतली एक पाळीही दिली, बदल्यात पाचव्या फेरीतली घेतली. आता तो मघाचा हिशेब आठवा. पाच वर्षांपूर्वी पेट्रियट्सनी पॅटरसनला निवडता येणारी पाळी विकून चार पाळ्या कमावल्या होत्या, आणि त्यातून जेमी कॉलिन्स आणि लोगन रायन हे दोन तगडे बचावपटू मिळवले होते. आता तोच पॅटरसन त्यांना भाजीवरच्या कोथिंबिरीच्या भावात मिळाला. व्यापारी म्हणावं तर असं.

पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी त्याला रिसीव्हर बनवण्याचा हट्ट धरला नाही. ऑक्टोबरअखेरीस त्यांचे रनिंग बॅक, म्हणजे क्वार्टरबॅकच्या मागे उभे राहून चेंडू हातात घेऊन गर्दीत घुसणारे गडी, दुखापतींनी कमी पडले. बेलिचिकनी पॅटरसनला तिथं उभं केलं. पाठीवर रिसीव्हरचा ८४ आकडा तसाच. हंगामभरात ४२ वेळा चेंडू घेऊन तो २२८ यार्ड पळाला. दर वेळी साडेपाच यार्डांच्या आसपास, आणि या कामात साडेचार मिळाले तरी शाबासकी मिळते. ३ फेब्रुवारी २०१९ ला अटलांटात पेट्रियट्सनी लॉस एंजेलिस रॅम्सना १३-३ असं हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना जिंकला. पॅटरसनच्या बोटात विजेत्यांची अंगठी आली. मोसम संपला आणि बिऱ्हाड पुन्हा हललं, या वेळी शिकागोला.

त्याच्या कारकिर्दीतला मला सगळ्यात आवडणारा तपशील सांगतो. किकऑफ परतवून त्यानं एकूण नऊ टचडाउन केली. त्यातली सात शंभर यार्डांच्या वरची, आणि सगळ्यात छोटी ९३ यार्डांची. ही नऊ कुणाविरुद्ध झाली? तीन शिकागोविरुद्ध: एक मिनेसोटाकडून, एक पेट्रियट्सकडून, एक अटलांटाकडून. पहिली दोन शिकागोनं त्याला नोकरी देण्याआधीची, तिसरं नोकरी संपल्यावरचं. एक रेडर्सविरुद्ध, तिथं जायच्या दोन हंगाम आधी. आणि २०२० मध्ये शिकागोचा गणवेश घालून दुसऱ्या डावाचा पहिलाच चेंडू १०४ यार्ड नेला तो मिनेसोटाविरुद्ध, ज्यांनी पाचवं वर्ष नाकारलं होतं. नवापैकी पाच आजी-माजी-भावी मालकांच्या विरुद्ध. इतकी घरं फिरल्यावर असं होणारच म्हणा.

यातली मजा अशी की त्याच्या हातातली ही कला जसजशी पक्की होत गेली, तसतसं तिचं दुकान बंद होत गेलं. किकऑफ हा या खेळातला सगळ्यात धोकादायक क्षण. पूर्ण वेगात पळत आलेली माणसं चाळीस-पन्नास यार्डांच्या धावेनंतर एकमेकांवर आदळतात. मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांचं प्रकरण अमेरिकेत गाजू लागल्यावर लीगनं किकऑफ थेट बंद केला नाही, पण त्याचा गळा हळूहळू आवळत नेला.

२०११ मध्ये, पॅटरसन कॉलेजात असतानाच, किक मारायची जागा ३० यार्डांवरून ३५ वर आणली. पाच यार्ड म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण त्यामुळे चेंडू एंड झोनमध्ये किंवा त्याच्याही पलीकडे जाऊन पडू लागला, आणि परत पळण्यात अर्थच उरेना. २०१६ मध्ये गुडघा टेकल्यावर मिळणारी जागा २० वरून २५ केली. हे गणित जरा जवळून बघा. पॅटरसनची कारकिर्दीतली सरासरी तिसाच्या किंचित खाली, म्हणजे लीगमधल्या पहिल्या काही जणांत. समजा, तो एंड झोनमध्ये नऊ यार्ड आत उभा आहे आणि त्यानं आपली सरासरी धाव काढली. पोहोचला कुठे? विसाच्या रेषेजवळ. म्हणजे लीगमधला अव्वल माणूस आपलं नेहमीचं चांगलं काम करून जिथं पोहोचतो, त्याच्या पाच यार्ड पुढे गुडघा टेकणारा आळशी माणूस फुकटात जाऊन बसतो. मग कोणता प्रशिक्षक म्हणेल, पळ? पॅटरसन तरी पळायचा. त्याच्या प्रशिक्षकांनी दरवेळी किती दातओठ खाल्ले असतील कोण जाणे.

२०१८ मध्ये आणखी दोन गोष्टी झाल्या. किक मारणाऱ्या संघाच्या खेळाडूंना पळत येऊन वेग घेण्याची मुभा काढून घेतली. आणि रिटर्नरच्या पुढे दोघांनी खांद्याला खांदा लावून भिंत करण्यावर बंदी आली. २०२३ मध्ये तर एंड झोनबाहेर पडणाऱ्या चेंडूखालीही नुसता हात वर करून झेल घेतला की २५ वर चेंडू मिळू लागला. त्या हंगामाच्या शेवटी, फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या सुपर बोलमध्ये १३ किकऑफ झाले. परत पळणारा एकही नव्हता. तेरा वेळा लाथ, तेरा वेळा काहीच नाही, आणि मधे जाहिराती.

अशा दिवसांत माणूस आपलं पोट कशावर भरणार? पंट परतवणं हा एक मार्ग होता. पण ते वेगळंच कसब आहे. पंट म्हणजे तीन प्रयत्नांत पुरेसं पुढे सरकता आलं नाही की चौथ्या वेळी हातातून सोडून मारलेली उंच किक. ती आभाळात इतका वेळ राहते की चेंडू आणि शत्रू जवळपास एकदमच पोहोचतात. तिथं बुटका, चपळ, जागच्या जागी गिरकी घेणारा माणूस लागतो. लांब ढांगांच्या पॅटरसनला वेग पकडायला रान लागतं. त्यामुळे त्या कामाला त्याला जवळपास कुणीच लावलं नाही.

उत्तर मिळालं ते अटलांटात, वयाच्या तिशीत. २०२१ मध्ये फाल्कन्सनी त्याला एक वर्षासाठी तीस लाख डॉलरवर घेतलं. या लीगच्या मानानं ही रक्कम म्हणजे ‘बघू या जमतंय का’. तिथले नवे प्रशिक्षक आर्थर स्मिथ यांनी कागदावरचा प्रकारच बाजूला ठेवला. कधी रनिंग बॅकच्या जागी उभं केलं, कधी रिसीव्हरच्या, कधी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर चालवत नेलं आणि बचाव करणारे एकमेकांकडे बघत राहिले. ऑक्टोबरात वॉशिंग्टनविरुद्ध त्यानं एकाच सामन्यात तीन टचडाउन झेलली. हंगामाअखेर ६१८ यार्ड पळून, ५४८ यार्ड झेलून, एकूण अकरा टचडाउन. २०१५ मध्ये हंगामभरात दहा यार्ड झेलणारा हाच माणूस. तो फार बदलला होता असं मला वाटत नाही. त्याला रनिंग बॅकच्या जागेवरून चेंडू मिळू लागला, जिथं फट दिसली की घुसायचं असतं. बारा यार्डांचं पाठांतर तिथं कुणी विचारत नाही.

पुढच्या वर्षी फाल्कन्सनी दोन वर्षांचा चांगला करार दिला. २० नोव्हेंबर २०२२ ला अटलांटात शिकागो आलं होतं. पॅटरसननं १०३ यार्ड परत नेले आणि किकऑफवरचं त्याचं नववं टचडाउन झालं. तोवर जॉश क्रिब्स आणि लिऑन वॉशिंग्टन यांच्यासोबत तो आठवर अडकला होता. आता लीगच्या इतिहासात तो एकटाच पुढे. अंदाजे हिशेब करा: अशी एक धाव बारा-तेरा सेकंदांची. नऊ धावा मिळून जेमतेम दोन मिनिटं. बारा हंगामांतल्या या दोन मिनिटांनी त्याला विक्रमांच्या यादीत सगळ्यात वर नेऊन ठेवलं.

रिटर्नरला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत, जागा देण्याबाबत मतदारांचे हात आजवर आखडतेच राहिलेत. डेव्हिन हेस्टर हा मुख्यतः परतीच्या धावांसाठी तिथं पोहोचलेला पहिला खेळाडू, आणि त्यासाठी २०२४ उजाडावं लागलं. त्याच्या नावावर पंट परतवून १४ आणि किकऑफवर ५ टचडाउन आहेत. पॅटरसनची वेळ येईल की नाही, हा वाद अमेरिकेत चालेल. माझं मत विचाराल तर चार वेळा सर्वोत्तम संघात निवड झालेल्या माणसाला ‘तसा तो कुठल्याच जागेवर टिकला नाही’ म्हणून नाकारणं थोडं हास्यास्पद आहे. तो ज्या जागेवर टिकला, ती जागाच लीग पुसत होती.

२०२३ मध्ये फाल्कन्सनी बिजान रॉबिन्सन हा तरुण रनिंग बॅक पहिल्या फेरीत, आठव्या पाळीवर घेतला आणि पॅटरसनचं काम आटलं. हंगाम संपल्यावर आर्थर स्मिथ यांचंही मुख्य प्रशिक्षकपद गेलं. ते पिट्सबर्गला स्टीलर्सच्या आक्रमणाचे सूत्रधार झाले. त्यांच्या मागोमाग पॅटरसनही पिट्सबर्गला. फिरस्त्या खेळाडूंच्या दुनियेत असंच चालतं. नोकरी देणारा बहुतेक वेळा आधीच्या नोकरीतला ओळखीचाच असतो. सहावा संघ, आणि पाठीवर तोच ८४.

स्मिथ यांच्याखेरीज आणखीही एक कारण होतं. मार्च २०२४ मध्ये, पॅटरसनच्या कराराच्या सुमारासच, लीगनं किकऑफची रचनाच उलटीपालटी केली. आता किक मारणारा एकटाच ३५ वर. त्याचे बाकीचे दहा साथीदार थेट प्रतिस्पर्ध्यांच्या ४० वर जाऊन उभे. अडवणारे त्यांच्यापासून पाच यार्डांवर, ३५ च्या रेषेपासून मागे. चेंडू गोलरेषा आणि २० च्या रेषेमधल्या पट्टीत पडेपर्यंत किंवा कुणी पकडेपर्यंत या सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं. पळत येऊन आदळणंच संपलं, म्हणून धोका कमी, आणि परतीची धाव पुन्हा शक्य. चेंडू एंड झोनमध्ये घालून टाकलात तर शिक्षा म्हणून समोरच्याला ३० वर चेंडू. पण वरवर दिसतं तेवढं हे जुन्या किकऑफसारखं नाही. पन्नास यार्डांचं ते मोकळं रान गेलं. आता पंधरा-वीस यार्ड पळेपर्यंत समोर माणसांची भिंत, आणि तिच्यात फट शोधायची. म्हणजे काम रनिंग बॅकचं झालं, जे अटलांटात पॅटरसन शिकून बसला होता. कागदावर याच्याइतका योग्य माणूस शोधून सापडला नसता.

पण पाय तेहेतिशीचे होते. दुखापतींनी काही आठवडे गेले. त्या हंगामात त्याचं एकही टचडाउन परतीच्या धावेतून आलं नाही. शिवाय पहिल्या वर्षी बऱ्याच संघांनी ३० ची शिक्षा मुकाट पत्करली आणि चेंडू एंड झोनमध्ये घालणंच पसंत केलं. करार दोन वर्षांचा होता, पण त्याचं काय होतं ते वर आलंच आहे. २०२५ चा हंगाम सुरू व्हायच्या आधीच पिट्सबर्गनं त्याला मोकळं केलं.

त्याच वर्षी लीगनं शिक्षा ३० वरून ३५ वर नेली. एवढी जागा फुकट द्यायला फारसं कुणी तयार होईना. सप्टेंबरपासून किक मारणारे बहुतेक वेळा चेंडू मैदानातच टाकू लागले, आणि वर्षानुवर्षं गुडघा टेकत आलेले रिटर्नर एकेक करून पळायला लागले. पॅटरसन तेव्हा चौतीस वर्षांचा होता.